पान चारवरचं नाव

तिनं पेपर मुख्य वार्ताहराच्या टेबलावर असा आपटला की त्याचा कप बशीत खणखणला. चहा सांडला मात्र नाही. तेवढंही तिच्या मनासारखं झालं नाही.

"काय आहे हे?" तिनं विचारलं.

त्यानं आधी कप उचलून लांब ठेवला, मग चष्मा लावला, मग पेपरच्या चुण्या हातानं सरळ केल्या. या माणसाला कशाचीच घाई नसे. ऑफिसात सगळे त्याला नुसतं 'मुख्य' म्हणत, आणि ते ऐकून तो खूशही होई. घडीत पान चारच वर आलेलं होतं. चार कॉलमांत ठळक मथळा, 'टेकडीवरच्या वस्तीत अखेर नळाला पाणी'. शेजारी हसऱ्या बाईचा घागर धरलेला फोटो. आणि मथळ्याखाली, बारीक पण ठसठशीत अक्षरांत, तिचं नाव. आडनावासकट.

"छान दिसतंय की," मुख्य म्हणाला. "अभिनंदन."

तिच्या तळपायाची आग मस्तकात गेली. तीन वर्षं ती या पेपरात राबत होती आणि तीन वर्षं तिची प्रत्येक बातमी 'आमच्या प्रतिनिधीकडून' म्हणून छापली जात होती. दवाखान्याच्या बंद लिफ्टची बातमी तिनं अकरा दिवस जिने चढून, स्ट्रेचर वाहणाऱ्यांशी बोलून आणली. ती मात्र नावानिशी आली, मुख्यच्या नावानिशी. विचारलं तर म्हणाला, अगं, नाव वजनदार असलं की बातमीला वजन येतं, तू आधी काम कर, नावाचं पुढं बघू. ती दात-ओठ खात गप्प बसली. ऑफिसात तिला टाचणी म्हणत, कारण दिसायला एवढीशी आणि टोचायची फार. पण कागदाला टोचलेल्या टाचणीकडे कोण बघतं? लोक कागद वाचतात.

आणि आता नाव आलं, ते नेमकं यावर.

सकाळी सातला आईचा फोन आला होता. आईला ही नोकरी कधी पटलीच नव्हती. शाळेतली चांगली हातची नोकरी सोडून पोरगी गावभर उंडारते, असं तिचं म्हणणं. त्यात तीन वर्षं नाव कुठं दिसेना, तेव्हा एकदा तिनं आवाज खाली आणून विचारलंही होतं, की नक्की पेपरातच जातेस ना गं कामाला? मामा तर प्रत्येक भेटीत 'काय संपादकीणबाई' म्हणून खिजवायचा. आज मात्र आईचा आवाज ओळखू येत नव्हता. दुकानातले सातच्या सात अंक तिनं उचलले होते. एक घरी ठेवला, एक मामाकडे पाठवला, पाच जिन्यातल्या बिऱ्हाडांना वाटले. समोरच्या काकूंनी तर वाचून डोळे पुसले म्हणे. कुठली बातमी तेच हिला कळेना. फोन ठेवला, पायात चप्पल सरकवली आणि कोपऱ्यावर जाऊन पेपर घेतला. मथळा, फोटो, नाव आणि पहिल्या दोन ओळी वाचल्या. पुढं वाचवेना. तशीच ऑफिसला निघाली.

कारण पाणी आलंच नव्हतं, आणि हे तिच्याइतकं कुणालाच माहीत नव्हतं.

काल अकराला टेकडीवर मांडव, खुर्च्या, सगळा सरंजाम होता. पाणीखात्याचे अध्यक्ष पायथ्याशी गाडीतून उतरून वर आले, फीत कापली, टाळ्या घेतल्या आणि नव्याकोऱ्या नळाची चावी फिरवली. नळ आधी खाकरला. मग त्यानं तांबूस पाण्याची एक गुळणी टाकली. मग नुसती हवा. येईल, येईल, पाइप लांब आहे, असं अध्यक्ष हसत म्हणाले आणि दहा मिनिटं सगळे नळाकडे बघत उभे राहिले. शेवटी खात्याच्या फोटोग्राफरनं शक्कल काढली. पाहुण्यांसाठी ठेवलेल्या पाण्याच्या बाटल्या त्यानं एका बाईच्या घागरीत ओतल्या, घागर नळाखाली धरायला लावली, हसा म्हणाला, आणि फोटो काढला. गाड्या गेल्या. खुर्च्याही गेल्या. ती थांबली. खात्याच्या इंजिनिअरला पायऱ्यांवर गाठलं. त्यानं बरीच टाळाटाळ केली, मग मान खाली घालून सांगितलं की पंपाला अजून वीजच जोडलेली नाही, तीन महिने तरी लागतील. तारीख वरून ठरली, आम्ही काय करणार बाई.

सगळे गेले तरी एक म्हातारी नळापाशी बसूनच होती. मांडीशी पिवळा प्लास्टिकचा डबा. अकरा वर्षं ती टेकडीच्या पायथ्याला येणाऱ्या टँकरवरून पाणी भरून वर आणत होती, एकशे चाळीस पायऱ्या. तिनं हिचं मनगट धरलं.

"लिहिशील ना हे? पण खाली नाव घाल. याआधीही आले होते पेपरवाले. कुणी लिहिलं तेच कळत नाही. नाव असलं म्हणजे धरायला कुणीतरी असतं."

नाव घालणं आपल्या हातात नसतं, हे सांगायची हिला लाज वाटली. तिनं वहीचा कोपरा फाडून त्यावर आपला फोन नंबर तेवढा लिहून दिला.

"सर, मी तुम्हाला एक वाजताच कळवलं होतं," ती आता मुख्यला म्हणाली. "पाणी आलं नाही, वेगळी बातमी आणतेय म्हणून. चार वाजता बातमी दिलीसुद्धा."

"वाचलं मी. पण पान चार तीनला जातं. गेलेलं पान परत उघडायचं म्हणजे किती उपद्व्याप, तुला माहीत नाही? म्हटलं, उद्या बघू."

"आणि खोट्या बातमीवर नाव माझं?"

"ते मी नाही टाकलं." हे म्हणताना तो पहिल्यांदाच खरा वाटला. "मी कशाला टाकीन? अण्णांना विचार."

मग त्यानं खुर्ची पुढं ओढली आणि समजुतीचा सूर लावला. अध्यक्षांचा सकाळीच फोन आला होता, बेहद्द खूश आहेत. असंही पाणीखात्याच्या बातम्या सांभाळायला कुणीतरी हवंच आहे, ते खातं आता हिच्याकडेच देऊ. दर आठवड्याला बातमी, दर बातमीला नाव. कालची तिची बातमीही वाया जाणार नाही, पंधरा दिवसांनी 'पाणीपुरवठ्यात काही अडचणी' अशी देता येईल, कुणाचं नाक न कापता. तीन वर्षं हेच मागत होतीस ना, असं त्यानं विचारलं. मागत होतीच. क्षणभर ती भुलली, खोटं कशाला बोला. पाणीखातं मिळावं म्हणून तिनं काय काय केलं होतं, ते तिचं तिलाच ठाऊक.

तेवढ्यात तिचा फोन वाजला.

"पेपरवाली ना तू? मी टेकडीवरची. डबेवाली."

आज टँकर आला नव्हता. सहापासून चाळीस बायका पायथ्याशी उभ्या होत्या. आठ वाजता कुणीतरी खात्यात फोन लावला, तर उत्तर मिळालं की आता नळाला पाणी आलंय, टँकर आजपासून बंद. पाणी नाही हो, असं सांगितलं, तर पलीकडचा माणूस म्हणाला, पेपर वाचा, फोटोसकट आलंय. म्हातारी हे सगळं शांतपणे सांगत होती. ती ओरडली असती तर बरं झालं असतं.

"शेजारच्या पोरीनं सगळ्यांसमोर वाचून दाखवलं. तुला एक विचारू?" ती म्हणाली. "मी रडले कधी?"

"काय?"

"तू लिहिलंयस ना, पाणी बघून म्हातारीच्या डोळ्यांत पाणी आलं. तिथं म्हातारी मी एकटीच होते. बायका विचारतायत, कुणाला खूश करायला रडलीस गं. अकरा वर्षं रडले नाही मी. काल कशाला रडू?"

"आजी, मी बघते. आजच बघते."

"बघ," म्हातारी म्हणाली. "नाव आहे ना आता." आणि फोन ठेवला.

तिनं मुख्यच्या टेबलावरचा पेपर ओढून घेतला आणि सकाळी सोडलेला मजकूर उभ्याउभ्या वाचला. तिसऱ्या परिच्छेदात होतं ते. 'घागर उचलून निघताना एका वृद्धेच्या डोळ्यांत आनंदाश्रू तरळले. जन्माचं सार्थक झालं, एवढंच ती बोलू शकली.' वाक्य कुठंतरी ओळखीचं वाटलं, पण राग इतका होता की ओळख पटवायला सवड नव्हती. ती तडक पानं लावायच्या खोलीत गेली.

अण्णा तीस वर्षं या पेपरची पानं लावत होते आणि या महिनाअखेरीस निवृत्त होणार होते. ऑफिसात तिला टाचणी न म्हणणारा हा एकच माणूस. तिला बघून त्यांचा चेहरा असा उजळला की तिनं ओठांवर आणलेलं पहिलं वाक्य गिळलं.

"बघितलंस?" ते म्हणाले. "तुझ्या नावासाठी वरची अर्धी ओळ मोकळी केली. जाता जाता म्हटलं, एवढं तरी करून जावं."

"कुणी लिहिली ती बातमी, अण्णा?"

ते गोंधळले. मग त्यांनी आपल्या पडद्यावर 'तयार' नावाचा खाना उघडून दाखवला.

या खान्याला ऑफिसात सगळे ओळखून होते. कुठल्याही कार्यक्रमाचं पत्रक दोन दिवस आधी येतं. त्यावरून बातमी लिहून या खान्यात टाकायची, कार्यक्रम झाला की पानात ढकलायची. फीत कापली जातेच, भाषण होतंच, टाळ्या पडतातच. मग वाट कशाला बघा? एकदा एका पुढाऱ्याचं 'ओजस्वी भाषण' छापून आलं तेव्हा तो गालफुगीनं घरी झोपला होता. तो किस्सा ऑफिसात अजून सांगतात, आणि तीही दर वेळी पोट धरून हसत आली होती.

बातमी सोमवारची होती. वर लिहिणाऱ्याचं नाव आपोआप उमटतं, तिथं तिचं नाव होतं.

सोमवार तिला लख्ख आठवला. सहा पत्रकं, एक बिस्किटांचा पुडा, दीड तासात सहा तयार बातम्या. पूल, वाचनालय, पाण्याचा नळ, अजून काय काय. नळाच्या बातमीत म्हातारी तिनंच टाकली होती. बातमीत एक म्हातारी असावी, बातमी कोरडी राहत नाही, हे मुख्यनं पहिल्याच महिन्यात शिकवलेलं, आणि ती हुशार विद्यार्थिनी होती. अश्रू तिचे, सार्थक तिचं. तयार खान्यात काय टाकलंय, हे टेकडीवर तीन तास उभी असताना तिला एकदाही आठवलं नव्हतं. आठवलं असतं तर अण्णांना एक फोन पुरे होता. तीन वाजायला पुष्कळ वेळ होता.

"एरवी मी ते नाव काढतो आणि 'प्रतिनिधी' टाकतो," अण्णा सांगत होते. "मुख्यचा हुकूमच आहे तसा. पण काल म्हटलं, पोर उन्हात स्वतः जाऊन आलीय, कधीतरी..."

"विचारायचं तरी, अण्णा." तिचा आवाज फाटला. "नाव टाकू का, एवढं विचारायचं तरी."

अण्णांनी चष्मा काढून हातात घेतला. "नाव टाकायला कुणी नाही म्हणतं का गं?"

एवढी आग घेऊन ती आली होती आणि ती ओतायला जागाच उरली नव्हती. चोराला धरायला धावावं आणि हाती आपलंच मनगट यावं, तसं झालं. म्हणून राग कमी झाला म्हणाल, तर अजिबात नाही. तो दुप्पट झाला. मुख्यवर होता तेवढा होताच, त्यात आता स्वतःवरचा आला.

तिनं खात्यात फोन लावला. पलीकडच्या माणसानं सगळं ऐकून घेतलं आणि थंडपणे सांगितलं, की तुम्हीच छापलंय बाई, आता तुम्हीच नाही म्हणता, आम्ही कशावर विश्वास ठेवायचा? पाणी नाही असं पेपरात येऊ द्या, त्याच दिवशी टँकर सोडतो. तिनं फोन ठेवला आणि संपादकांच्या खोलीचं दार न वाजवता उघडलं.

संपादकांनी तिला बसायला सांगितलं. ती उभीच राहिली. ते भले गृहस्थ होते, म्हणजे कुणालाच दुखवत नसत. खुलासा टाकू की, ते म्हणाले. पान चार, तळाला, चार ओळी. 'नजरचुकीनं प्रसिद्ध झालं' असं लिही, त्यात सगळं येतं.

तिनं त्यांच्याच टेबलावरचा कागद ओढला आणि उभ्यानं लिहिलं. त्यांनी तो चष्म्याच्या वरून वाचला.

'काल या पानावर माझ्या नावानं आलेली बातमी खोटी होती. टेकडीवरच्या वस्तीत पाणी आलेलं नाही. पंपाला वीज जोडलेली नाही आणि तीन महिने तरी जोडली जाणार नाही. फोटोतली घागर बाटल्यांमधल्या पाण्यानं भरली होती. तिथल्या आजी रडल्या नाहीत, तसं काही बोलल्याही नाहीत. ते मी कार्यक्रमाच्या दोन दिवस आधी ऑफिसात बसून लिहिलं होतं. या बातमीवरून तिथला टँकर बंद झाला आहे. तो आज सुरू व्हायला हवा.'

"दोन दिवस आधीचं काढ," संपादक म्हणाले. "आपलेच दात, आपलेच ओठ. सगळेच पेपर करतात."

"ते राहील, साहेब."

"खुलाशाखाली नाव नसतं."

"बातमीवर होतं."

संपादकांनी कागद पुन्हा एकदा वाचला. मग त्यांना त्यातली सोय दिसली असावी. चूक एका माणसाची, नाव त्या माणसाचं, पेपर मोकळा. त्यांचा आवाज एकदम मऊ झाला. तुझं वय काय, यानंतर कुठला पेपर तुला दारात उभी करील, पुढं कधी नोकरी मागायला गेलीस तर लोक पहिल्यांदा हेच कात्रण काढतील, याचा विचार केलास का, असं त्यांनी विचारलं. म्हणजे त्यांच्याकडून सगळं सांगून झालं होतं. पुढं काही झालं तर बोल त्यांच्यावर नको. तिच्या ते लक्षात आलं आणि तिला त्यांच्या अंगावर दौत फेकावीशी वाटली, पण टेबलावर दौत नव्हती.

"केला विचार," ती म्हणाली.

"मग पायावर धोंडा पाडून घेणाऱ्याला मी कोण अडवणार?" त्यांनी कोपऱ्यात सही केली. "चूक तुझी, एवढं लक्षात ठेव. पेपरची नाही."

"माझीच आहे."

हे दोन शब्द बोलताना तिला जेवढा राग आला, तेवढा दिवसभरात कशाचा आला नव्हता.

बाहेर मुख्यला बातमी कळलेलीच होती. हात दाखवून अवलक्षण, एवढंच तो म्हणाला, आणि पाणीखातं विसर आता, असं पुटपुटत चहाच्या रिकाम्या कपात बघत राहिला. टेबलाजवळून जाताना तिच्या कोपराचा धक्का कपाला लागला आणि तो खाली पडून फुटला. मुद्दाम नव्हता मारला. पण उचलायला ती वाकली नाही.

अडीच वाजता ती अण्णांच्या खुर्चीमागं जाऊन उभी राहिली. संपादकांच्या कागदावर 'तळाला' असं स्पष्ट लिहिलेलं होतं. अण्णांनी ते वाचलं, खुलासा उचलला आणि पानाच्या वरच्या बाजूला, काल जिथं बातमी होती बरोब्बर तिथं आणून ठेवला. त्यासाठी एका गादीच्या दुकानाची जाहिरात त्यांना खाली ढकलावी लागली. दहा दिवसांनी जाणाऱ्या माणसाला कोण काय करणार, असा त्यांचा चेहरा होता. मग त्यांचा हात थांबला. मथळ्याखाली अर्धी ओळ मोकळी होती.

"नाव टाकू?" त्यांनी मागं न बघता विचारलं.

"टाका."

"कालच्याच टायपात?"

"त्याच."

त्यांनी टाकलं. एकदा लहान करून बघितलं, पुन्हा होतं तेवढं केलं. तीनला पाच मिनिटं कमी असताना पान गेलं.

ती जिन्यात आली. टेकडीवरच्या आजींना फोन करून सांगितलं, की उद्या सकाळी छापून येईल, ते खात्यात दाखवा, ते टँकर सोडतील. आजी म्हणाल्या, बरं, आजचं आम्ही बघतो. आभार वगैरे त्यांनी मानले नाहीत, आणि तिला त्याचं बरंच वाटलं. मग तिनं दुसरा नंबर लावला.

"आई, उद्याचा पेपर घे. पान चार. नाव आहे माझं."

"उद्यापण?" आईचा आवाज फुलून आला. "किती घेऊ गं?"

"आज घेतलेस तेवढेच. सात. आणि आज ज्यांना दिलेस, त्यांनाच दे."

"मामाला?"

"मामाला."

"समोरच्या काकूंनापण?"

"त्यांना सगळ्यांत आधी," ती म्हणाली.